घर-गाडीतला जनरेटर: दोरी ओढण्याआधी उदबत्ती लावा

तीस वर्षं मी इंदूरच्या वराती उजळल्या, आणि हे अगदी शब्दशः घ्या. ठेल्यावर जनरेटर, त्यातून निघालेली लांबलचक वायर, आणि त्या वायरीला जोडलेले दिवे डोक्यावर घेऊन चालणारी पोरं. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, राजेंद्रनगर: मराठी माणसाचं लग्न असो की माळव्यातल्या शेठचं, क्रम ठरलेला. बँड पुढे, नवरदेव मध्ये, ठेला सगळ्यात मागे. नवीन पोरगा विचारायचा, ठेला मागे का? आवाजासाठी नाही, आवाज बँडचाच जास्त. ठेला मागे ठेवायचा तो धुरासाठी.

आता धंदा आवरला. एक जुनी ट्रॅव्हलर घेतली (ही गाडी आमच्या पीथमपूरलाच बनते, त्यामुळे इंदुरात सेकंडहँड मिळायला तोटा नाही), आरटीओची मंजुरी काढून तिचं घर केलं. दोन बाक, छोटा फ्रिज, एक टनाचा इन्व्हर्टर एसी आणि मागच्या कप्प्यात सरकत्या ट्रेवर तीन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर. महेश्वर, मांडू, हनुवंतिया, पचमढी असं फिरतो. पुण्याचा भाचाही आता अशी गाडी करतोय आणि दर आठ दिवसांनी फोन करतो, “मामा, जनरेटरचं जरा सांगा ना.” फोनवर सांगून थकलो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी सांगतोय ते कळेल.

ऑगस्टमधलं मांडू. इंदूरची माणसं मांडूला पावसातच जातात; धुक्यात जहाजमहाल बघायचा, दाल-पानिये खायचे आणि ओले होऊन परत यायचं. आम्ही तिघं होतो: मी, बायको आणि माझी आई. मुक्कामाला एका लॉजच्या आवारात जागा मिळाली, गाडी भिंतीला लागून उभी केली. संध्याकाळी बुरबुर सुरू झाली. जनरेटर लांब नेऊन ठेवायचा माझा नेम, पण पाऊस होता, कंटाळा होता. ट्रे बाहेर ओढला, मशीन तिथेच चालू केलं आणि वरून गाडीच्या मागच्या दारापासून भिंतीपर्यंत ताडपत्री बांधली. सायलेन्सरचं तोंड भिंतीकडे होतं. तीस वर्षांचा अनुभव त्या एका ताडपत्रीखाली गेला.

तासाभरात बायकोचं डोकं दुखायला लागलं. आईला मळमळ. आम्ही दाल-पानियांना दोष दिला. धुकं बघायला दोघी बाहेर आल्या तर पाच-दहा मिनिटांत जरा बरं वाटलं. आत गेल्या, पुन्हा डोकं जड. कोविडच्या वेळी घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर गाडीत होता. लावला, आकडा 98. मी म्हटलं, काही नाही, पित्त आहे. मग आई बाकावरून उठताना लटपटली, आणि माझ्या डोक्यात एकदम ठेला आला. ठेला मागे का असतो?

दोघींना बाहेर काढलं, मशीन बंद केलं, रात्रीच धारला नेलं. ऑक्सिजन लावला, सकाळी सोडलं. तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिमीटरचं कोडं सोडवलं. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बोटावरचं यंत्र ऑक्सिजन चिकटलेलं आणि मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखत नाही, म्हणून माणूस गुदमरत असला तरी आकडा छान दाखवतं. तेव्हा त्या आकड्यावर विसंबू नका. खूण दुसरीच आहे: ताप नसताना डोकेदुखी, मळमळ, चक्कर, एकाच वेळी एकाहून जास्त जणांना, आणि बाहेर गेलं की बरं, आत आलं की वाईट.

जागा

म्हणून पहिलं काम जागेचं. पेट्रोलचा डबा गाडीतून काढायच्या आधी मी एक उदबत्ती लावतो. बायको म्हणते, याची पूजा सुरू झाली. पण हवा कुठून कुठे चालली आहे हे तिच्याइतकं स्वस्तात कोणी सांगत नाही. गाडीच्या चारही बाजूंनी एक फेरी मारायची. धूर ज्या दिशेला जातो त्या बाजूला जनरेटर, म्हणजे हवा आधी आपल्याला भेटेल आणि मग मशीनला. महेश्वरला नर्मदेकाठी दिवसा एक दिशा असते आणि सूर्य बुडाला की बऱ्याचदा दुसरी. त्यामुळे संध्याकाळी पुन्हा एक उदबत्ती. पाहून झालं की ती विझवून, पाण्यात बुडवून मगच पेट्रोलला हात.

अंतर: दारं-खिडक्यांपासून निदान 6 मीटर, म्हणजे 20 फूट, म्हणजे माझी आठ-नऊ पावलं. सायलेन्सरचं तोंड गाडीपासून उलट दिशेला. शेजारी कोणाचा तंबू किंवा गाडी असेल तर त्यांच्याकडेही नाही. भिंत, कोपरा, झाडीचा दाट कुंपण-आडोसा, दोन गाड्यांमधली बोळ या जागांमध्ये धूर साचतो, फिरून परत येतो. मांडूला भिंतीनेच दगा दिला. गाडीखाली, तंबूत, शेडमध्ये, डिकीचं दार अर्धं उघडं ठेवून वगैरे कधीच नाही. खिडकी उघडी आहे म्हणून चालेल, असा हिशोब इथे लागू पडत नाही.

जनरेटर कायमचा गाडीत बसवायचा असेल तर तो त्यासाठीच बनवलेला घ्या. त्याचा कप्पा राहत्या भागापासून पत्र्याने पूर्ण बंद हवा, खालून-बाजूने हवा खेळती हवी, आणि धुराची नळी गाडीच्या कडेच्या बाहेरपर्यंत यायला हवी. पोटाखालीच संपलेली नळी नको. उचलून न्यायचा जनरेटर कपाटात बसवून वर एक पंखा लावणारे कारागीर आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांना चहा पाजा आणि निरोप द्या.

बसवलेलं मशीन असो की बाहेरचं, गाडीच्या अंगाला असलेली भोकं बघा. आमच्या गाडीत केबल आत घ्यायला पाडलेलं रुपयाएवढं भोक होतं, मागच्या बाकाखाली, म्हणजे नेमकं आईच्या डोक्याशी. मशीन बंद असताना, दारं-खिडक्या लावून, आतला एक्झॉस्ट पंखा चालू करा आणि अशा प्रत्येक जागेपाशी उदबत्ती धरा. धूर जिथे हलतो तिथून बाहेरची हवा आत शिरते आहे. हवेपाठोपाठ मोनॉक्साइडही शिरेल. मी रबरी ग्रोमेट आणि सिलिकॉनने सगळं बुजवलं. एकूण सात जागा निघाल्या. स्वयंपाकाच्या गॅससाठी ठेवलेला हवेशीर झरोका मात्र बुजवू नका, तो तसाच राहू द्या.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. हा धुराचा अलार्म नव्हे, गॅसगळतीचाही नव्हे. दुकानदार तिन्ही एकच म्हणून विकतो. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत लावतात. मोनॉक्साइड साधारण हवेइतकाच, तो सगळीकडे मिसळतो, म्हणून हा अलार्म झोपण्याच्या जागेत, उशीपासून फार लांब नको. तो कमी प्रमाणाला लगेच ओरडत नाही: 70 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 70 भाग मोनॉक्साइड) एक ते चार तासांत वाजतो, 400 पीपीएमला चार ते पंधरा मिनिटांत. म्हणजे वाजला तर “उगाच वाजतोय” म्हणायला जागा नाही. पाठीवर बदलायची तारीख असते. आतला सेन्सर काही वर्षांनी मरतो, दिवा मात्र हिरवाच राहू शकतो. दर सहलीला निघताना टेस्टचं बटण दाबा. तुमच्याकडे जनरेटर नसला तरी अलार्म हवा, कारण शेजारच्या गाडीचा असू शकतो.

वाजला तर आधी माणसं बाहेर, माणसं मोजा, मग मशीन बंद. खिडक्या उघडत आत थांबू नका. कोणाला त्रास होत असेल तर 108 किंवा 112, आणि फोनवर “जनरेटरचा धूर” हे शब्द सांगा. बरं वाटलं तरी दवाखाना टाळू नका.

झोपताना जनरेटर बंद. त्याला अपवाद नाही. रात्रीचा पंखा आणि दिवा बॅटरीवर चालतो, आणि ती बॅटरी संध्याकाळी जनरेटरने भरून ठेवायची असते. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतही रात्री 10 ते सकाळी 6 ही रात्रीची वेळ धरली आहे, पण नियम नसता तरी मी बंदच केला असता.

किती भार

इथे लोक फसतात ते स्टिकरवर. पेटीवर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो बहुधा कमाल असतो, काही सेकंदांचा. खाली बारीक अक्षरात सततच्या क्षमतेचा आकडा असतो, तो वॅटमध्ये शोधा. माझ्या मशीनचा सततचा आकडा 2800 वॅट. त्यातही उंचीचा हिशोब: दर 300 मीटर उंचीला इंजिनाची ताकद साधारण 3.5 टक्क्यांनी घटते, कारण हवा विरळ होते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर, म्हणजे घरच्या अंगणातच सहा टक्के गेले. पचमढी हजार मीटरच्या वर. तिथे माझे 2800 वॅट 2450 च्या आसपास उरतात. मे महिन्याची उष्णता आणखी थोडं खाते. मी स्वतः तीन-चतुर्थांशाच्या वर जात नाही, म्हणजे दोन हजार वॅट धरून चालतो.

आता जोडा. एक टनाचा इन्व्हर्टर एसी हजार वॅटच्या आसपास. फ्रिज शंभर-दीडशे. पंखे, दिवे, फोन मिळून शंभर. बॅटरी चार्जर दोन-तीनशे. झाले पंधराशे. एवढ्यात कोणीतरी “जरा चहा टाकते” म्हणून दोन हजार वॅटची इंडक्शन लावतं. मशीन गुरगुरतं, ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो, वीज जाते. आमच्या गाडीत इंडक्शनच्या प्लगवर बायकोच्या अक्षरात चिठ्ठी आहे: “आधी एसी बंद.” गिझर, इस्त्री, मायक्रोवेव्ह यांचंही तेच.

जुना साधा एसी, बिनइन्व्हर्टरचा, सुरू होताना चालू भाराच्या कितीतरी पट विजेचा हिसका मारतो. तो सुरू होईल की नाही हे चालू वॅट बघून सांगता येत नाही. मोठं मशीन घ्या किंवा सॉफ्ट स्टार्टर (हा हिसका कमी करणारं यंत्र) लावून घ्या. भार चढवायचा क्रम असा: मशीन दोन-तीन मिनिटं रिकामं चालू द्या, मग सर्वांत मोठा मोटारवाला भार, तो स्थिरावला की बाकीचे. बंद करताना उलट: सगळे भार काढा, दोन-तीन मिनिटं रिकामं चालवा, मग स्विच.

वायर

हा माझा धंदा होता, म्हणून थोडा वेळ थांबतो.

सहा मीटर लांब मशीन ठेवायचं तर केबल लागते. तीन कोरची (आत तीन तारांची), रबरी आवरणाची, 2.5 चौरस मिलिमीटरची घ्या. महारानी रोडवर मीटरने मिळते. दहा-बारा मीटर पुरते. रिळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा. अर्धी गुंडाळी तशीच ठेवून पूर्ण भार दिला तर आतली वायर तापते, उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. एका लग्नात मी हे रीळ हातात धरलं होतं. तळहातावरचा डाग अजून आहे. जोड जमिनीवर, गवतात, ओलाव्यात ठेवू नका. पाऊस असेल तर मशीनवर चारही बाजूंनी उघडी, उंच छत्री-छप्पर, सॉकेट कोरडं, हातही कोरडे. तेवढं जमत नसेल तर त्या दिवशी जनरेटर नाही.

आता ती दोन्हीकडे नर प्लग असलेली वायर. वीसेक वर्षांपूर्वी मध्य प्रदेशात तासन् तास वीज जायची. तेव्हा दुकानदार येऊन सांगायचे, “भिया, एक ऐसी वायर बना दो, दोनो तरफ प्लग.” एक टोक जनरेटरला, दुसरं दुकानातल्या कुठल्याही सॉकेटला, की सगळं दुकान उजळलं. मीही सुरुवातीला अशा वायरी करून दिल्या आहेत, कबूल करतो. त्या वायरीचं मोकळं टोक हातात घेतलं तर पितळेच्या पिनांत 230 व्होल्ट असतात. मेन स्विच बंद करायला विसरलात तर वीज उलटी खांबावर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून उलट्या वाटेने चढून हजारो व्होल्ट होते, आणि खांबावर लाइनमन असतो, लाइन बंद आहे या भरवशावर. एका लाइनमननेच मला हे रस्त्यात थांबवून सुनावलं, तेव्हापासून बंद केलं. गाडीत बाहेरची वीज आणि जनरेटर यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच लावा, असा की दोन्ही एकाच वेळी जोडलेच जाऊ शकत नाहीत.

गाडीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) असतो, असायलाच हवा. पण एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: बहुतेक छोट्या जनरेटरांचा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) त्यांच्या सांगाड्याशी जोडलेला नसतो. अशा वेळी फ्रिजच्या पत्र्याला फेज (वीज आणणारी तार) लागला तरी वीज परतायला वाट नाही, म्हणून आरसीसीबी उडत नाही. तो फक्त शोभेला उरतो. न्यूट्रल-अर्थ जोड जनरेटरच्या टोकाला, एकाच ठिकाणी करावा लागतो, आणि गाडी बाहेरच्या विजेवर गेली की तो जोड मध्ये असता कामा नये. कंपनीच्या पुस्तिकेत तुमच्या मशीनला हे चालतं का ते पाहून लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण जनरेटरवर असताना दाबून पाहिलं तर ते उडेल. त्या बटणाला न्यूट्रल-अर्थ जोडाची गरज नसते, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

पेट्रोल

चालू किंवा गरम मशीनमध्ये पेट्रोल नाही. बंद करा, पंधरा मिनिटं थांबा, चहा प्या, मग टाकी उघडा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून पाण्यासारखी उतारावर सरकत जाते आणि वीतभर लांबच्या नाही तर दहा-बारा फुटांवरच्या शेगडीलाही सापडते. टाकी गळ्यापर्यंत भरू नका, उन्हात पेट्रोल फुगतं. सांडलं तर पुसा, वाफ उडेपर्यंत थांबा, मशीन त्या जागेवरून हलवा. पंपावर डबा भरताना तो गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवा. गाडीतल्या गालिच्यावर ठेवून भरला तर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. डबा धातूचा, घट्ट झाकणाचा. तो राहत्या भागात ठेवू नका.

सायलेन्सरखाली वाळलेलं गवत नको. नोव्हेंबरनंतर माळवा सगळा पिवळा असतो. मी एक पत्र्याचा तुकडा सोबत ठेवतो, मशीन त्यावर. आगीसाठी एबीसी पावडरचा सिलिंडर दाराशी ठेवा, जनरेटरपाशी नको. आग लागली तर तिथेच पोहोचता येणार नाही. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नका.

जागा सपाट हवी. उतारावर ठेवलं तर ऑईल एका बाजूला जातं, कमी ऑईलचा सेन्सर इंजिन बंद करतो आणि तुम्ही अर्धा तास दोरी ओढत बसता. जाम गेटला मी एका कुटुंबाचं मशीन असंच “दुरुस्त” केलं: एका बाजूखाली वीट सरकवली. त्यांनी पोहे खाऊ घातले.

निगा

मशीनला ऑईल सर्वांत महत्त्वाचं, आणि तेच कोणी बघत नाही. माझ्या मशीनमध्ये अर्ध्या लिटरहूनही कमी ऑईल बसतं, म्हणजे घोटभर कमी झालं तरी फरक पडतो. दर वेळी चालू करण्याआधी बघा. डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) काढा, पुसा, पुन्हा नुसती टेकवा. बहुतेक छोट्या मशीनमध्ये आटे फिरवून आवळायची नसते, आवळलीत तर ऑईल आहे त्याहून जास्त दिसतं. तुमच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते एकदा बघून घ्या. बोटावर घेऊन चोळा. काळं झालं तर म्हातारं झालं. दुधासारखं झालं तर आत पाणी. पेट्रोलचा वास येत असेल तर कार्बोरेटरमधून पेट्रोल खाली झिरपतंय. तसंच चालवू नका.

नव्या मशीनचं पहिलं ऑईल 20 तासांनी बदलायचं, कारण नव्या भागांची धातूची भुकटी त्यात उतरते. पुढे दर 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी होईल ते. मशीन पाचेक मिनिटं चालवून बंद करा, ऑईल कोमट असताना सगळा गाळ घेऊन बाहेर येतं. मी जुन्या पाण्याच्या कॅनचं पोट कापून परात करतो. जुनं ऑईल गटारात नाही, गॅरेजवाला घेतो. नवं भरताना खुणेच्या वर भरू नका. जास्त झालं तर ते इंजिनाच्या ब्रीदर नळीवाटे एअर फिल्टरमध्ये येतं आणि निळसर धूर निघतो.

एअर फिल्टर दर 50 तासांनी. आपल्याकडे काळ्या मातीची पिठासारखी धूळ, म्हणून एप्रिल-मेमध्ये मी निम्म्यातच काढतो. स्पंजचा असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, इंजिन ऑईलचे काही थेंब टाकून मुठीत पिळा, उरलेलं बाहेर. पेट्रोलमध्ये धुऊ नका. कागदाचा असेल तर हलकेच झटका, नाही तर नवा घ्या. फिल्टर कोंडला की पेट्रोल जास्त, हवा कमी, आणि मोनॉक्साइडही जास्त. म्हणजे ही स्वच्छता फक्त पेट्रोल वाचवण्यासाठी नाही.

स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा) 100 तासांनी काढून बघा. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर इंजिन खूश आहे. कोरडी काजळी म्हणजे फिल्टर किंवा चोक. ओलं म्हणजे पेट्रोल जळत नाही. माझ्या मशीनला टोकांमधलं अंतर 0.7 ते 0.8 मिलिमीटर लागतं, तुमचं पुस्तिकेत बघा. बसवताना पहिले आटे बोटांनीच फिरवा, पाना शेवटी. अॅल्युमिनियमचे आटे एकदा मोडले की हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गेलं.

आता कार्बोरेटर. गेल्या वर्षी मशीन दोन महिने तसंच पडलं आणि सुरू होईना. सियागंजजवळच्या माझ्या जुन्या मेकॅनिकने कार्बोरेटरची कटोरी (त्याच्या तळाची पेट्रोलची वाटी) उघडली, वास घेतला आणि म्हणाला, “भिया, मशीन तो ठीक है, पेट्रोल ही सड़ गया.” आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, 20 टक्क्यांपर्यंत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं; पाणी पुरेसं साचलं की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, कार्बोरेटरची पितळी जेट (पेट्रोल जाण्याचं बारीक भोक) नेमकी तिथेच. रोज चालणाऱ्या स्कूटरला हे कळतही नाही. महिन्यातून एकदा निघणाऱ्या जनरेटरला कळतं. म्हणून सहल संपताना शेवटच्या वेळी पेट्रोलचा कॉक बंद करून मशीन आपोआप थांबेपर्यंत चालवा. कटोरीत उरलेलं खालच्या स्क्रूतून काढा.

गाडीत बसवलेल्या जनरेटरला महिन्यातून एकदा साधारण दोन तास, निम्म्या भारावर चालवायचा सल्ला बनवणारेही देतात. रिकामं चालवून उपयोग नाही. इंजिन नीट तापायला हवं, म्हणजे आतला ओलावा उडतो. माझं उचलून न्यायचं मशीन असलं तरी मी तसाच नेम ठेवला आहे, पहिल्या रविवारी, गच्चीवर, एसीऐवजी इस्त्री लावून. घरच्या कपड्यांना त्या दिवशी कडक घडी असते.

तास मोजायला मीटर नसेल तर वही ठेवा. माझ्याकडे धंद्यातली कार्बनची बिलबुकं उरली आहेत, त्यातलंच एक वापरतो. तारीख, तास, काय केलं.

पावसाळ्याआधी मशीन महिना-दोन महिने बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करा, स्पार्क प्लग काढून भोकात चमचाभर इंजिन ऑईल घाला, दोरी हळूच दोन-तीनदा ओढा, प्लग बसवा. मग दोरी जड लागते तिथे थांबवा. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि आत दमट हवा शिरत नाही. बॅटरी स्टार्ट असेल तर बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्याने चार्ज करा. सायलेन्सरच्या तोंडाला आणि हवेच्या जाळीला बारीक तारेची जाळी बांधा, प्लास्टिक नको. एका वर्षी जुलैत जाळी राहिली होती. सप्टेंबरमध्ये कव्हर उघडलं तर पंख्याच्या पात्यांत आईच्या जुन्या गोधडीचा कापूस, शेंगदाण्याची टरफलं आणि उंदराची चार पिल्लं. पिल्लं बाहेर नेऊन ठेवली, पंखा ब्रशने साफ केला, कुरतडलेली प्लगची वायर बदलली. तसंच चालू केलं असतं तर कापूस तापून पेटला असता.

आता जूनमध्ये टाकीच्या झाकणाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधतो: “पेट्रोल नाही. ऑईल नवं. जाळ्या दोन, चालू करण्याआधी काढणे.”